माझ्या सीटखालचं बटण

मी एक जुनी गवत कापायची गाडी आहे. मित्रांनो, गाडी म्हटल्यावर तुम्ही रस्ता डोळ्यांपुढे आणाल, पण रस्त्याशी माझा फारसा संबंध आला नाही. माझ्यावर एक माणूस बसतो, स्टिअरिंग धरतो, आणि माझ्या पोटाखालचं पातं गरगर फिरत गवत कापत जातं. चाकं बुटकी, नाक चपटं, रंग एके काळी लाल होता. मी निलंग्यातल्या लिंगायतांच्या रुद्रभूमीत राहते. रुद्रभूमी म्हणजे गेलेल्या माणसांना माती देण्याची जागा. तिच्या भिंतीपलीकडे मुसलमानांचं कब्रस्तान आहे. दोन्हीकडचं गवत मी कापलेलं आहे. दोन्हीकडे ते सारखंच वाढतं आणि सारखाच त्रास देतं.

माझं बालपण मात्र थाटात गेलं. एका साखर कारखान्याच्या विश्रामगृहापुढे मोठी हिरवळ होती, तिच्यासाठी मला आणलं होतं. तेव्हा माझ्या पोटात पेट्रोलचं इंजिन होतं. पाहुणे यायचे असले की मला धुऊनपुसून बाहेर काढत आणि मी अशी गर्जत निघे की झाडावरचे कावळे उठून जात. मला त्या आवाजाचा गर्व होता. माझ्यावर बसायचा मान एकाच माणसाचा, तो म्हणजे तिथले माळी शंकरप्पा. बोलायला कमी, कामाला चोख आणि उजव्या गुडघ्याने अधू. पुढे कारखाना बंद पडला, हिरवळ वाळून गेली आणि मला भंगारात काढायचं ठरलं. शंकरप्पांनी मला भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवलं आणि टेम्पोत घालून निलंग्याला आणलं. त्यांच्या मुलीने, शिवकन्येने, कपाळावर हात मारून घेतला. घरात कपाट ठेवायला जागा नाही आणि अप्पांनी हे धूड कशाला आणलं, असं ती म्हणाली.

ते कशाला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. शंकरप्पांची बायको लक्ष्मम्मा आदल्या वर्षी वारली होती. तिची समाधी रुद्रभूमीतल्या चढावर, कडुलिंबाजवळ होती. पावसाळा संपल्यावर ते दर्शनाला गेले तर सगळीकडे कमरेएवढं गाजरगवत माजलेलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईची जागा त्यांना शोधावी लागली. शेवटी दुसऱ्याच कुणाच्या समाधीवर बेल वाहून ते परतले, आणि चूक लक्षात आल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की लक्ष्मम्मा पुन्हा गवतात हरवता कामा नये. समाजाच्या थोरांना विचारून त्यांनी सगळ्या रुद्रभूमीची देखभाल अंगावर घेतली. त्या अधू गुडघ्याने वाकून विळा चालवणं शक्य नव्हतं, म्हणून मी.

पण माझा आवाज. एके दिवशी मी गर्जत निघाले आणि त्याच वेळी खालच्या बाजूला कुणाला तरी माती देत होते. रडणाऱ्या बायकांनी कान झाकले. शंकरप्पांनी इंजिन बंद केलं आणि लोक जाईपर्यंत मान खाली घालून ते माझ्यावर तसेच बसून राहिले. त्याच संध्याकाळी ते मला एसटी स्टँडमागच्या जलीलच्या दुकानी घेऊन गेले.

जलील गाड्यांचं वायरिंग आणि मोटारींचं वाइंडिंग करायचा. वयाने शंकरप्पांपेक्षा बराच लहान, त्यांना मामा म्हणायचा आणि त्यांची थट्टा करायची एकही संधी सोडायचा नाही. हिचा आवाज काढून टाक, एवढंच शंकरप्पांनी त्याला सांगितलं. आवाज काढायचा म्हणजे काळीजच काढावं लागतंय, असं म्हणून त्याने माझं इंजिन उतरवलं. खरं सांगते, मी फार घाबरले होते.

पण त्या माणसाचं काम बघण्यासारखं होतं. माझ्या अंगाला हात लावण्याआधी त्याने बोटातली अंगठी आणि मनगटातलं घड्याळ काढून डब्यात ठेवलं. पान्यांच्या मुठींना त्याने सायकलची ट्यूब गुंडाळली होती. बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंड आडवं पडलं तर काय होतं, हे त्याने उमेदवारीत एकदा बघितलं होतं म्हणे. ई-रिक्षाला असतात तशा चार बॅटऱ्या त्याने लोखंडी पिंजऱ्यात, खाली रबर घालून, पट्ट्यांनी आवळून बसवल्या. बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज लावला. तारा जाड घेतल्या, आणि जिथं जिथं त्या पत्र्यातून आरपार जात होत्या तिथं भोकाला रबरी कडी बसवली, म्हणजे पत्र्याची धार तारेला कापणार नाही. चार्जरला अर्थिंगची तीन पिनी वायर दिली. हाताशी एक मोठं लाल बटण दिलं, काही बिनसलं तर थपकन मारायला. आणि सगळं तपासून झाल्यावर, अगदी शेवटी, बॅटरीचं टोक जोडलं.

शेवटची गोष्ट त्याने सीटखाली बसवली. ते अंगठ्याएवढं एक बटण होतं. माणूस सीटवर बसला की ते दाबलं जाई आणि वीज पुढे जाई. माणूस उठला की वीज तुटे, पातं आणि चाकं दोन्ही जागच्या जागी थांबत. मग पुन्हा बसून चावी फिरवल्याशिवाय मी हलत नसे. जलीलने शंकरप्पांना दहादा उठवलं, दहादा बसवलं.

"मामा, बाकी काय बी बिघडू द्या," तो म्हणाला, "पण हे बटन म्हंजे तुमची जान हाय."

त्याला एक भोंगाही लावायचा होता, पातं फिरतंय हे कळावं म्हणून. तेवढ्याला मात्र शंकरप्पांनी नकार दिला. "न्हाई जलील. तितं लोकं निजलेत," ते म्हणाले. जलीलने भोंगा परत फळीवर ठेवला. कामाचे पैसेही त्याने घेतले नाहीत. भिंतीपलीकडे आमची अम्मी आहे, तिच्याकडचंही गवत काढत जा, एवढीच त्याची मागणी होती. शंकरप्पांनी ती शेवटपर्यंत पाळली.

असा माझा आवाज गेला. शंकरप्पा मला मुकी म्हणू लागले. पहिले काही दिवस मला ते लागलं, पण पुढे मला मुकेपणा आवडू लागला. मी जवळून गेले तरी साळुंक्या उडत नसत. लोक रडत असले तर रडत राहत. लक्ष्मम्मांच्या समाधीभोवतीचं गवत तर आम्ही असं राखलं होतं की लांबून रस्त्यावरूनही ती जागा दिसावी.

आता मी जे सांगते ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फेरी मारत आम्ही लक्ष्मम्मांच्या समाधीपुढे आलो की शंकरप्पा सीटवरून अर्धे उठत, दोन्ही हात जोडत आणि म्हणत, "शरणु, लक्ष्मे." ते उठले की सीटखालचं बटण सुटे आणि मी थांबे. एकही फेरी चुकली नाही. मी थांबून असेपर्यंत ते दोन शब्द बोलून घेत, कधी उतरून समाधीवरची पानं झाडत, मग बसत, चावी फिरवत आणि आम्ही पुढे निघत. जलील एकदा भिंतीवर बसून हे बघत होता.

"मामीचा धाक लई हाय," तो म्हणाला. "आजून बी तुमाला उभं करून राहिली."

शंकरप्पा हसले. त्यांना हसताना मी क्वचित पाहिलं होतं. मला वाटतं, आपण उठलो की मुकी थांबते, हे त्या फेऱ्यांमध्ये त्यांच्या अंगात मुरलं. त्यांना त्याचा विचार करावा लागत नव्हता.

मागच्या श्रावणात पाऊस फार झाला. शेडचा पत्रा गळत होता. सीटखाली पाणी गेलं आणि बटण गंजून बसलं. मी चालूच होईना. रुद्रभूमीत एका जुन्या स्वामींची समाधी आहे, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिथे गावोगावचे लोक बेल वाहायला येतात. तो सोमवार दोन दिवसांवर आला होता आणि गवत गुडघाभर होतं. जलीलने बटण खोलून बघितलं आणि मान हलवली. नवीन हैदराबादहून मागवावं लागेल, आठ दिवस तरी लागतील, असं तो म्हणाला.

शंकरप्पांनी हट्ट धरला. लोक येतील, गवतात साप असतात, बायका पोरं घेऊन येतात, काहीतरी कर. जलील आधी नाही म्हणाला. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्याच्याने नाही म्हणवलं नाही. बटणाच्या दोन तारा सोडवून त्याने एकमेकींना पिळल्या आणि वरून काळी टेप गुंडाळली. आता कुणी बसो वा उठो, वीज जातच राहणार होती.

"मामा, हे फकत सोमवारपुरतं. उठायच्या आधी चावी बंद करायची. आधी चावी, मग उठायचं. ध्यानात राहील न्हवं?"

"हाव," शंकरप्पा म्हणाले.

आणि राहिलं की ध्यानात. सोमवार उत्तम पार पडला. सगळ्यांनी शंकरप्पांची वाहवा केली. आठ दिवसांनी नवीन बटण आलं, जलीलने ते खिशात टाकलं आणि दोघं चहाच्या टपरीवर भेटले की तो म्हणायचा, येतो उद्या, बसवून टाकतो. शंकरप्पा म्हणायचे, चालतंय की, सावकाश ये. मित्रांनो, मला माणसांच्या भाषेतले पुष्कळ शब्द समजतात, पण 'चालतंय की' इतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटत नाही. चालत होतं खरंच. समाधीपुढे आलो की ते आधी चावी बंद करत, मग उठत, मग हात जोडत. रोज एक जास्तीचं काम त्यांचा हात आठवणीने करत होता.

त्या दिवशी सकाळी शिवकन्येचा फोन आला. ती चाकूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, पण कंत्राटावर, आणि दरवर्षी नोकरी राहते की जाते याची धास्ती असायची. लक्ष्मम्मा जाताना तिच्याच नोकरीच्या काळजीत गेली होती. फोनवर बोलता बोलता शंकरप्पा शेडमध्ये आले. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा असा उजळला होता की मला वाटलं ते पळतील आता. पण गुडघा पळू देणारा नव्हता. ते माझ्यावर बसले आणि आम्ही थेट चढावर निघालो. वाटेतलं गवत वाढलेलं होतं, म्हणून पातं चालू होतं.

समाधीपुढे आलो. ते उठले. पूर्वीसारखे, तसेच, दोन्ही हात जोडून.

"लक्ष्मे, पोरीची आर्डर आली बघ. कायमची."

चावी हातानेच बंद करायची असते, मित्रांनो. जोडलेल्या हातांनी ती कोण बंद करणार?

पॅडलवरचा पाय उचलल्यामुळे माझी चाकं थांबली. त्यांना वाटलं असेल, मुकी थांबली, नेहमीसारखी. पातं फिरत होतं. पेट्रोलच्या दिवसांत मी ओरडून सांगितलं असतं. आता माझ्याजवळ आवाज नव्हता, भोंगा नव्हता, आणि ज्या बटणाने मला थांबायला शिकवलं होतं त्याच्या जागी टेपची गाठ होती. समाधीवर वाऱ्याने पडलेला पाला होता, तो झाडायला ते खालच्या अंगाला उतरले. गवत ओलं होतं. अधू गुडघा मुडपला आणि पाय माझ्या पोटाखाली सरकला.

त्यापुढचं मी तुम्हाला सांगणार नाही. कब्रस्तानात माती काढणारी माणसं भिंतीवरून उड्या टाकून आली, त्यातल्या एकाने माझं लाल बटण मारलं, तेव्हा मी थांबले. शंकरप्पांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथून लातूरला. नेताना त्यांनी डावा हात समाधीकडे केला होता, एवढं मला दिसलं.

ते परत आले ते काही आठवड्यांनी, खांद्यावरून. पाय काढावा लागला होता, पण अंगात साखर होती आणि जखम शेवटपर्यंत भरली नाही. लिंगायतांमध्ये माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवून माती देतात. लक्ष्मम्मांच्या शेजारी खड्डा घेतला होता. त्यांना बसवलं, डाव्या तळहातावर त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. शेडच्या दारातून मला सगळं दिसत होतं. किती वर्षं हा माणूस माझ्यावर बसला होता, आणि आता तो मातीत बसला. मला रडता येत नाही. येत असतं तर मी त्या दिवशी गंजून गेले असते.

मला मग कुणी हात लावला नाही. लोक म्हणाले ही गाडी वाईट आहे, हिला विकून टाका. कुणीतरी माझ्या नाकाला लिंबू-मिरची बांधली. बॅटऱ्या उतरल्या, उंदरांनी एक तार कुरतडली, सीटवर धूळ बसली. पातं मात्र कुणीतरी पोत्याने झाकून ठेवलं होतं. बाहेर गवत वाढत होतं. थंडी सरत आली तेव्हा ते वाळून पिवळं पडलं आणि दोन्ही समाध्या त्यात बुडाल्या. जे होऊ नये म्हणून शंकरप्पांनी मला भंगारातून आणलं होतं, तेच माझ्या डोळ्यांदेखत झालं.

अधूनमधून विळ्याचा आवाज येई. जलील होता तो. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो चढावर उकिडवा बसून गवत कापायचा, पण एवढी जमीन एका विळ्याने काय आटपते. शेडकडे तो बघायचासुद्धा नाही.

एका रविवारी शिवकन्या आली. समाधीकडे जाऊन ती बराच वेळ गवतात चाचपडत राहिली, अगदी तिचे अप्पा चाचपडले होते तशी. जलील विळा टाकून उभा राहिला. इतक्या दिवसांत त्या दोघांची समोरासमोर गाठ पडली नव्हती. दोघं शेडच्या सावलीत आले, आणि माझ्या अगदी पुढ्यात उभे राहिले.

"ती तार मी जोडली होती, बेटा," जलील म्हणाला. "तुला कुनी सांगितलं का न्हाई मला ठाव न्हाई. मी जोडली."

शिवकन्या माझ्या सीटकडे बघत होती.

"आन् फोन मी केला होता, चाचा," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी येऊनच सांगायचं ठरवलं होतं. धीर निघाला न्हाई."

तिने किंवा त्याने दुसऱ्याला माफ केलं असं मला वाटत नाही, कारण दोघांना माफी स्वतःकडूनच हवी होती आणि ती मिळण्यातली नव्हती. दोघं रडले. एवढा मोठा जलील, ट्यूब गुंडाळलेल्या पान्याने काम करणारा, अंगठी काढून ठेवणारा, तो लहान मुलासारखा रडला. थोड्या वेळाने शिवकन्येने डोळे पुसले आणि विचारलं, ते नवीन बटण कुठे आहे. जलीलने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पुडीतलं बटण काढलं. पुडी न फोडलेलीच होती. त्या दिवसापासून तो ते रोज खिशात घालत होता. तिने ते तळहातावर घेतलं. केवढंसं होतं ते.

"बसवा," ती म्हणाली.

"आता कोन चालवनार हिला?"

"आई-अप्पा गवतात गेलेत, चाचा. बसवा तुमी."

दुसऱ्या रविवारी तो सामान घेऊन आला. अंगठी काढली, घड्याळ काढलं. उंदरांनी खाल्लेली तार बदलली, बॅटऱ्या भरल्या, पत्र्याच्या गळतीखाली सीटला रबरी झाकण केलं. आपल्याच हाताने पिळलेली ती गाठ त्याने सोडवली आणि नवीन बटण लावलं. मग तो बसला आणि उठला, बसला आणि उठला. किती वेळा, ते मी मोजलं नाही. दर वेळी मी थांबत होते, तरी त्याचा विश्वास बसत नव्हता. शेवटी शिवकन्येने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो थांबला.

भोंगाही त्याने आणला होता. शिवकन्येने क्षणभर विचार केला आणि लावा म्हणाली. निजलेल्यांची झोपमोड झाली तर होऊ दे, ते समजून घेतील.

मग जलील मला घेऊन चढावर निघाला. मी हळू आवाजात पीं पीं करत होते, जन्मात इतका विचित्र आवाज मी काढला नव्हता. वाळलेलं गवत बाजूला पडत गेलं आणि आधी लक्ष्मम्मांची समाधी दिसली, मग शेजारची नवी. जलील सीटवरून उठला. त्याने दोन्ही हात वर उचलले, तळवे उघडे, त्याच्या लोकांत दुवा मागताना उचलतात तसे.

मी थांबले.

पातं थांबलं, चाकं थांबली, भोंगा थांबला. चढावर एवढी शांतता झाली की कडुलिंबाची पानं पडताना ऐकू येत होती. जलील तसाच उभा राहिला. मागे शिवकन्या होती, तिने तोंडावर पदर धरला होता. मला एकच वाटत होतं, की हे मी तेव्हाही करू शकले असते. मला येत होतं. मला फक्त करू दिलं गेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेतात, गिरणीत कुठलं ना कुठलं यंत्र असेल. त्याला कुठेतरी असंच एक छोटं बटण असेल, काम अडवणारं, कंटाळा आणणारं. ते काढू नका. बिघडलं तर यंत्र बंद ठेवा, पण तारा पिळू नका, एका दिवसासाठीसुद्धा नको. तुम्ही सावध असाल, मला ठाऊक आहे. शंकरप्पाही सावध होते. पण माणूस आहे म्हटल्यावर कधीतरी त्याला फार आनंद होणार, कधीतरी कुणाची फार आठवण येणार, आणि तेव्हा त्याचे हात जोडलेले असणार. तेवढ्या वेळापुरतं आम्हाला थांबता येऊ द्या.